कुत्रा दुसऱ्या घरी द्यायचाय : पैसे घ्यायचे, द्यायचे, की फुकट?

वाघूरकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे जळगावला लॅब्रेडॉर आहे, नर, साडेचार वर्षांचा. लशीच्या कार्डावर नाव ब्रूनो, आजीच्या तोंडी बुरनू. जानेवारीत बाबा जिन्यावरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आईचे गुडघे आधीच गेलेले. मी पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, आणि घरमालकाने करारातच कुत्रं-मांजर चालणार नाही असं लिहून घेतलंय. ३२ किलोचं जनावर सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? शेजारच्या पोराला महिना १५०० देऊन तीन महिने काढले, आता तो नाशिकला क्लासला गेला. घरात भरपूर रडारड होऊन शेवटी ठरलं, की चांगलं घर बघून द्यायचा.

इथपर्यंत आमचं आम्ही निस्तरलं. पुढे गोंधळ आहे. ओळखीत सांगून ठेवल्यावर तीन फोन आले. धुळ्याचे एक गृहस्थ म्हणतात, ६००० देतो, उद्याच नेतो. रावेरकडचे एक बागायतदार म्हणतात, पैसे कसले मागता, मळ्यात मोकळा राहील. तिसरा स्वतःला प्राण्यांच्या संस्थेचा म्हणवतो. तो म्हणाला, आम्ही घर शोधून देऊ, तुम्ही ४००० भरा.

म्हणजे एक देतोय, एक फुकट मागतोय आणि एक उलटे मागतोय. यात रीत कोणती? आणि देताना आपण कोणकोणता खर्च करून द्यायचा असतो? बाबा म्हणतात, एक रुपया घ्यायचा नाही, तो काय म्हैस आहे का. आई म्हणते, फुकट दिला तर किंमत राहणार नाही. मी मधे.

तापीचं_पाणी
बाबांशी सहमत. घरातल्या माणसाचे पैसे घेतात का?

पारोळ्याचा_बाळ्या
भो, बैल इकतांना दलाल दोन्हीकडथून पैसा लेस. आते कुत्रासमा बी दलाल निंघनात का? सारंगखेडाले घोडाना सौदा जसा रुमालखाले बोटे धरीसन व्हस तसा करी टाक.

(हलकेच घ्या. पण तिसऱ्याला आधी पावती मागा.)

मेहरुणची_बोर
मी आईच्या बाजूने, आणि त्याला कारण आहे.

सहा वर्षांपूर्वी आमची बदली झाली तेव्हा आमचा पॉमेरेनियन यावल तालुक्यात एका ओळखीच्यांच्या मळ्यात दिला. फुकट. वर गोणीभर खाणं, साखळी, ताटली, सगळं दिलं. दोन महिन्यांनी लग्नाला गेलो होतो, म्हटलं वाकडी वाट करून बघून येऊ. मोटरच्या खोलीला बांधलेला होता. केळीच्या घडाला आधाराला प्लॅस्टिकची पट्टी बांधतात ना, तीच त्याच्या गळ्यात. भोवतीचे केस पार झिजून गुलाबी कातडी दिसत होती. साखळी कुठाय विचारलं तर म्हणे मोटरसायकलला लावली. माणसं वाईट नव्हती हो, चहा पाजला, घड दिला. त्यांच्या लेखी ते एक कुत्रं होतं आणि ते जिवंत होतं, बस.

त्याला घेऊन आले. ते लग्न राहिलंच. दुसऱ्यांदा दिला तेव्हा १००० रुपये घेतले. त्या बाईंनी कुरकुरत दिले, पण दर महिन्याला फोटो पाठवायच्या.

केळीवाला_नाना
मेहरुणताई, तुमच्या कुत्र्याचं वाईट वाटलं. पण सगळ्या बागायतदारांना एका गोणीत भरू नका. माझ्या मळ्यात तीन गावठी आहेत, एकालाही दोर माहीत नाही. खुराक मजुरांच्या आधी मिळतो, यावर घरात भांडणं होतात.

पण धागाकर्त्यांना सांगतो, लॅब मळ्यात देऊ नका. पैशाचा प्रश्नच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ पारा. ते दाट दुहेरी केसांचं जनावर, गादीवर वाढलेलं. बागेत सावली असते हे खरं, पण दमटही असतं, आणि गोचीड विचारू नका. शिवाय राखणीला लॅब म्हणजे चोर आला तर त्याला घड कुठला पिकलाय ते दाखवेल.

तापीचं_पाणी
शेवटच्या वाक्याला हसून हसून पुरेवाट.

औषधवाला_चाळीसगाव
माझं पशुऔषधांचं दुकान आहे. डॉक्टर नाही, पण काउंटरपलीकडून बावीस वर्षं हेच बघतोय. देणाऱ्याने काय करून द्यावं, ते आमच्याकडच्या दरांनी सांगतो. तुमच्याकडे थोडं पुढे-मागे होईल.

रेबीजची लस दरवर्षी लागते. कार्ड बघा. तारीख उलटली असेल तर आधी ती, खाजगीत ३०० च्या आसपास, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, तिथे स्वस्तात होते. पार्वो-डिस्टेंपरची एकत्र लस ७००-८००. जंताची गोळी साधारण १० किलोला एक, म्हणजे तुमच्या गड्याला तीन-सव्वातीन. हा किरकोळ खर्च झाला.

लोक विसरतात ती रक्ततपासणी. आपल्या भागात गोचीड-ताप फार. कुत्रं अंगावर काढत असतं, वरून धडधाकट दिसतं. घर बदललं की खाणं सोडतं, अंग खचतं, आणि दहाव्या दिवशी ताप चढतो. मग नवीन मालक म्हणतो, आजारी माल गळ्यात मारला. ४००-५०० रुपयांच्या तपासणीसाठी संबंध तुटलेले पाहिलेत.

आणि नसबंदी. नराची स्वस्त पडते, ४ ते ६ हजार धरा. मादीची जास्त, तिचं पोट उघडावं लागतं. नवीन मालक करेल म्हणून सोडू नका. तो करत नसतो.

सातपुड्याचा_वारा
सगळे हिशेब वाचले. एक विचारतो, राग मानू नका. बाप म्हातारा झाल्यावर त्यालाही असंच घर शोधणार का? चार हजार की सहा हजार?

पारोळ्याचा_बाळ्या
वना बरं!

वाघूरकाठ
सातपुड्याचा वारा, बाबांसाठीच तर हे चाललंय. वॉकर धरून चालतात. ब्रूनोला ते दिसले की तो आनंदाने अंगावर झेप घेतो, त्याला वॉकर काय कळतो? मार्चमध्ये एकदा दोघंही पडता पडता वाचले. त्या दिवसापासून कुत्रा मागच्या खोलीत कोंडलेला आणि बाबा पुढच्या. दोघं दारातून एकमेकांचा आवाज ऐकतात. तुम्हाला दुसरा उपाय दिसत असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

मेहरुणची_बोर
वारा, देणं आणि सोडून देणं यात फरक आहे. हायवेला धाब्यापाशी गाडीतून उतरवून दिलेली, गळ्यात पट्टा असलेली कुत्री मी स्वतः उचलून आणलीत. हा माणूस निदान विचारतोय.

वकिलीण_धुळे
त्यावरून आठवलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. कलम ११ मध्ये, प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीने टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० साली ठरलेला आकडा, अजून तोच. म्हणजे कुत्रा धाब्यावर सोडला तर जास्तीत जास्त ५०, आणि रीतसर लस टोचून दिला तर नुसत्या रेबीजचे ३००. पक्षकार हे ऐकून हसतात, मला हसू येत नाही.

धुळ्याच्या त्या सहा हजारवाल्याबद्दल. त्यांनी तुम्हाला 'कागद आहेत का' (म्हणजे वंशावळीचे), 'मेटिंगला चालतो का' असं विचारलं का? पैदास करून विकणाऱ्यांना २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. किती जण करतात हे विचारू नका. नसबंदी करूनच देणार, एवढंच त्यांना कळवा आणि काय होतं ते इथे लिहा.

वाघूरकाठ
वकिलीणबाई, 'कागद आहेत का' हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता!! मला वाटलं आधार कार्ड मागतायत.

भुसावळ_आउटर
रेल्वेत ३४ वर्षं काढली, तेवढ्यापुरतं सांगतो. बाहेरगावचा माणूस 'ट्रेनने पाठवून द्या' म्हणाला तर गाडीत साधं घेऊन बसता येत नाही. एसी फर्स्टची अख्खी कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत. सेकंड, थर्ड एसी, स्लीपर, कुठेच चालत नाही. एरवी गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण कुत्र्याला त्याने काय फरक पडतो.) पार्सल ऑफिसात बुकिंग, डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला, लशीचं कार्ड. भाडं लगेजच्या हिशेबाने, ते फार नसतं. पण ती लोखंडी पेटी मी उन्हाळ्यात हात लावून बघितलीय. मे महिन्यात माझ्या कुत्र्याला मी तीत घालणार नाही, तुम्हीही घालू नका. खाजगी गाडी करा, पहाटे निघा, पाणी सोबत.

उंबरठा_नंदुरबार
संस्थावाल्याबद्दल दुसरी बाजू मांडते. मी कुठली मोठी संस्था नाही, घराच्या मागे शेड आहे, सध्या अकरा कुत्री. तांदूळ, कोंबडीचे पाय, हळद, औषधं, हाताखालच्या बाईचा पगार. महिना २० हजाराच्या खाली कधी जात नाही. लोक रात्री फाटकाला पिल्लू बांधून जातात, सोबत बिस्किटचा एक पुडा. वर सकाळी 'पोहोचलं ना?' असा मेसेज. तेव्हा कोणी ४००० मागितले म्हणजे तो चोरच, असं नाही. घर मिळेपर्यंत तीन महिने सांभाळायचं झालं तर ते पैसे पुरतही नाहीत.

पण तपासा जरूर. जागा बघायला या म्हणतो का? नोंदणी क्रमांक आणि पावती देतो का? आधी दिलेल्या दोन-तीन घरांशी बोलू देतो का? माझ्याकडे कोणीही केव्हाही येऊन शेणा-मुताचा वास घेऊन जावं, चहा मिळेल.

औषधवाला_चाळीसगाव
उंबरठाताई, हळद कशाला, पोटाला?

उंबरठा_नंदुरबार
हो आणि जखमेलाही. तुमच्याकडून उधारी सुरू केली की हळद बंद करीन.

केळीवाला_नाना
सावध करतो. ऑनलाइन जाहिरात टाकली तर एक ठराविक फोन येईल. 'मी सैन्यात आहे, पोस्टिंग अमुक ठिकाणी, कुत्रा आवडला, भाव करत नाही, ॲडव्हान्स पाठवतो.' मग क्यूआर कोड येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणतात. पिन टाकली की आपले पैसे जातात. यूपीआयला पैसे घ्यायला पिन लागतच नाही. आमच्या पुतण्याने जुना पलंग विकताना ८००० घालवले. पलंग अजून घरात आहे, त्याच्यावर झोपतो आणि चिडतो.

एरंडोलकर
मला वाटतं पैसे घेतल्याने माणूस चांगला होत नाही. माझ्या आतेभावाने ३५ हजारांना हस्की आणली होती. हस्की, एरंडोलात! दोन वर्षांत तिसऱ्या घरी गेली. ३५ हजारांनी जे जमलं नाही ते तुमच्या हजाराने कसं जमेल?

मेहरुणची_बोर
तो दुकानाला दिलेला पैसा होता, मालकाला नव्हे. माझ्या बाईंनी मला दिले होते, म्हणून मला महिन्याला विचारायचा हक्क वाटायचा आणि त्यांना सांगायचा.

एरंडोलकर
हा मुद्दा आवडला. तरी पूर्ण पटला नाही.

गोधडी
आमची आजी (माहेर शिरपूरकडचं) पिल्लू फुकट आणूच द्यायची नाही. गाय असो, मांजर असो, कुत्र्याचं पिल्लू असो, ज्याच्या घरून आणायचं त्याच्या हातावर सव्वा रुपया नाहीतर सुपात ज्वारी. म्हणायची, फुकटचं जनावर घरी रमत नाही, त्याचा जीव जुन्या दाराशी अडकून राहतो. ज्वारी घातली की त्या घरची माय म्हणायची, 'दिलं बाई तुला,' आणि पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवून आत निघून जायची, मागे वळून न बघता. त्यात किंमत कुठेच नव्हती, पण शेजारच्या दोघीतिघींच्या समोर ते व्हायचं.

पारोळ्याचा_बाळ्या
गोधडीताई, मन्ही बायको बी आसंच म्हनस, 'तुले फुकट दिधा म्हनीसन तू रमत नही.'

तापीचं_पाणी
🙏 दंडवत.

वकिलीण_धुळे
गोधडी यांच्या आजीची ती ज्वारी म्हणजे साक्षीदारांसमोर झालेलं हस्तांतर. मी एवढंच म्हणेन की आजच्या काळात ते साध्या कागदावर लिहून घ्या. कुत्र्याचं वर्णन, लशीच्या तारखा, दोघांचे पत्ते, सह्या. त्यात एक वाक्य हवंच : सांभाळणं जमलं नाही तर तिसऱ्याला द्यायचा नाही, आधी आम्हाला कळवायचं. स्टॅम्प पेपरच्या मागे लागू नका. २०२४ पासून शंभरचा जाऊन पाचशेचा झालाय, त्या पैशांत कुत्र्याचं आठवड्याचं खाणं येतं. महापालिका हद्दीत कुत्र्याच्या परवान्याचं पालिकेत विचारून घ्या, आणि कोणाकडे केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद असेल तर त्यावर मालक बदलायची फी वेगळी.

सातपुड्याचा_वारा
वाघूरकाठ, वरचा प्रतिसाद घाईत लिहिला. वॉकरचं वाचलं. माझ्या वडिलांचं तेच झालं होतं, फक्त आमच्याकडे मांजर होती. शब्द मागे घेतो.

एरंडोलकर
अवांतर : लॅबला शेवभाजी चालते का? आमच्या शेजाऱ्याचा खातो.

औषधवाला_चाळीसगाव
खातो आणि मग शेजारी माझ्या दुकानात येतो.

केळीवाला_नाना
कळण्याची भाकरी आणि ताक घाला. माझे तिन्ही त्यावरच आहेत, आठवड्यातून एकदा कोंबडीचे पाय.

वाघूरकाठ
अपडेट. धुळ्याच्या गृहस्थांना नसबंदीचं सांगितलं. 'मग राहू द्या' म्हणाले आणि फोन ठेवला. नमस्कारसुद्धा नाही. वकिलीणबाई, तुम्हाला साष्टांग. संस्थावाल्याला पावती आणि जागा बघण्याचं विचारलं, तो 'कळवतो' म्हणाला, अजून कळवतोय. रावेरला नानांचं ऐकून नाही सांगितलं.

आणि आईच्या भजनी मंडळातून चौथा फोन आला. अमळनेरचं जोडपं, दोघं निवृत्त शिक्षक, घर तळमजल्याचं, मागे परस, कडुनिंब. त्यांचा आधीचा कुत्रा दिवाळीत म्हातारपणाने गेला. एकच अडचण, दोघं माळकरी आहेत, घरात अंडंही नाही. बघायला आले तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, 'हा रात्री कोणाच्या खोलीत झोपतो?' आई तिथेच हो म्हणाली.

उंबरठा_नंदुरबार
त्या प्रश्नासाठी मी माझी अकराच्या अकरा देईन.

वाघूरकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. पुढच्यांना उपयोग होईल म्हणून हिशेब.

नसबंदी ४८००. त्याआधी रक्ततपासणी ४५०. औषधवाले, तुमचे पाय धरायला हवेत, प्लेटलेट कमी निघाल्या. गोचीड-तापाच्या गोळ्या झाल्या, त्या आणि दुसरी तपासणी मिळून ९००. ऑपरेशन त्यामुळे पंधरा दिवस पुढे गेलं. रेबीज ३५०, जंताच्या गोळ्या १५०. पहिल्या महिन्याची खाण्याची गोणी २६००, कारण एकदम भाकरीवर आणला तर पोट बिघडेल असं डॉक्टर म्हणाले. मित्राची गाडी, डिझेल ७००. एकूण ९९५०. इतका खर्च करून तर ठेवूनच घेतला असता, असं काका चेष्टेत म्हणाले. मला हसता आलं नाही.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो, धरणगावमार्गे. आई म्हणाली, आखाजीला लेकी माहेरी येतात आणि आपण याला सासरी धाडतोय. सोबत त्याचं जर्मनचं पातेलं दिलं, एका बाजूने चेपलेलं, आणि बाबांचा एक न धुतलेला सदरा. कागद केला, सह्या झाल्या. पैशाचं मी गोधडीताईंच्या आजीचं सांगितलं. काकूंनी आत जाऊन सव्वा रुपया शोधला. चार आणे कुठे मिळणार? शेवटी एक रुपयाचं नाणं आणि सुपात ज्वारी. आमच्या आजीने ती ज्वारी पक्ष्यांना घालू दिलेली नाही, डब्यात वेगळी ठेवलीय.

पहिले दोन दिवस खाल्लं नाही, सदऱ्यावर पडून होता. तिसऱ्या दिवशी ताक-भाकर खाल्ली. आता रोज सकाळी काकांबरोबर फिरायला जातो, काकांना ओढत.

आणि एक खर्च मी धरलाच नव्हता. काल काकूंचा फोन. गच्चीवर खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. याने जिना चढायला शिकून अर्धी खाट साफ केली.

पारोळ्याचा_बाळ्या
मंग तो रुपया परत दी टाक भो, नुकसानभरपाई!

औषधवाला_चाळीसगाव
बिबड्यात मिरची होती का?

वाघूरकाठ
होती. काकूंनी रात्रभर ताक पाजलं म्हणे. आईने काल चाळीस बिबडे बांधून पाठवले, गच्चीचं दार लावून वाळवा म्हणून निरोपासकट.